गिरजाचा हात पाहायला गेलो त्याची हकिकत

माझे आजवरचे सगळे प्रवास कुणाच्या तरी पाठोपाठ झाले आहेत. लहानपणी वडिलांच्या, मुंजीनंतर मामांच्या आणि लग्नानंतर बायकोच्या. एकसष्ट सालच्या जानेवारीत मी यवतमाळ जिल्ह्यात गेलो तोही असाच, एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या घेऊन, नलूच्या मागून. गिरगावातल्या आमच्या शेजाऱ्यांना वाटलं, आम्ही नागपूरला संत्री खायला निघालो आहोत. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण खरं कारण सांगत बसलो असतो तर गाडी चुकली असती.

खरं कारण एका बाईचा हात हे होतं.

नलू, म्हणजे माझी बायको नलिनी, मुंबईच्या एका इस्पितळात व्यवसायोपचार करते. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, आयुष्य शब्दांत गेलं, तरी हा शब्द पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. अपघातानं किंवा आजारानं ज्यांचे हातपाय निकामी झाले त्यांना कामातूनच पुन्हा कामाला लावायचं, असा हा उपचार. आपल्याकडे तो शिकवायला सुरुवात झाली तेव्हा ज्या पहिल्या चारदोन मुली शिकायला गेल्या त्यांत नलू होती. माझी आई अजूनही लोकांना सांगते की आमची सून रोग्यांना टोपल्या विणायला शिकवते. इतरांचं मत आईपेक्षा फारसं निराळं नाही.

मागच्या दिवाळीआधी इस्पितळातल्या एका बड्या डॉक्टरांनी भर बैठकीत नलूला ऐकवलं, "बाई, तुमचे पेशंट इथं आहेत तोवर सगळं करतात. घरी गेले की तुमचे ते पट्टे आणि खुंट्या माळ्यावर पडतात." त्यांचं बोलणं खोटं आहे असं तिला ठामपणे सांगता आलं नव्हतं, आणि तेच तिला लागलं होतं.

तिच्या विभागाच्या भिंतीवर एक फोटो आहे. गिरजा नावाची एक बाई पोळी लाटते आहे. ही पांढरकवड्याकडची. तिकडे कपाशीतून सरकी वेगळी करायचे कारखाने असतात, त्यांना जीन म्हणतात. अशाच एका जिनात यंत्राच्या रुळाखाली तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. तिचा दीर मुंबईत गिरणीकामगार, त्यानं तिला आणलं. तीन महिने ती नलूच्या हाताखाली होती. नलूनं तिच्या तळव्याला बसेल असा एक चामडी पट्टा चांभाराकडे चार खेपा घालून करून घेतला. त्या पट्ट्याच्या कडीत लाटण्याचं टोक अडकायचं. गिरजा वॉर्डाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटू लागली. त्या पोळ्या मी स्वतः खाल्ल्या आणि छान आहेत असं सांगितलं. मग गिरजा गावी गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. नलूनं तीन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही.

डिसेंबरात नलूनं राजीनामा लिहिला आणि सवयीनं माझ्यापुढे तपासायला टाकला. मी लाल शाईनं दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, एक शब्द बदलला.

"मी जाऊन बघणार आहे," ती कागद पिशवीत ठेवत म्हणाली. "गिरजाचा पट्टा माळ्यावर असला, तर आल्याबरोबर हा कागद देऊन टाकीन. दहा वर्षं खेळणी केली म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

मी लाल पेनाचं टोपण लावलं. खोटं कशाला सांगू, बायको कामावर म्हणून दहा वर्षं गार आमटी खाल्लेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी जराशी आशा उगवलीच.

मूर्तिजापूरहून छोटी गाडी

मोठ्या गाडीविषयी लिहीत नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. मूर्तिजापूरला ती सोडायची आणि यवतमाळच्या छोट्या गाडीत बसायचं. ही गाडी अरुंद रुळांवरून इतक्या सावकाश जाते की बाहेरचं शेत आपल्याकडे बघतं आहे असं वाटू लागतं. मला प्रवासात झोप फार. त्यामुळे हा सगळा मुलूख मी थोडा डोळ्यांनी आणि थोडा डुलकीत पाहिला आहे, आणि कोणतं कशात पाहिलं हे आता मलाही नक्की सांगता येत नाही.

रुळांच्या दोन्ही बाजूंना कपाशी. वेचणी चालली होती. पोटाशी फडक्याची ओटी बांधलेल्या बायका ओळीनं पुढे सरकत होत्या आणि त्यांच्या मागचं शेत तपकिरी होत जात होतं. बाभळींच्या काट्यांना, तारांना, स्टेशनच्या पाटीला, जिथं जिथं कापसाच्या गाड्या घासून गेल्या होत्या तिथं तिथं कापूस चिकटला होता. ऊन कोवळं होतं. नलू त्या वेचणाऱ्या हातांकडे टक लावून बघत बसली होती. मी जागा झालो की ती तशीच दिसायची.

समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होते. त्यांनी ओंजळभर शेंगा न विचारता माझ्या मांडीवर ओतल्या.

"कुठं जाऊन राह्यले?"

"केळापूरच्या पुढं. एका बाईचा हात बघायला."

"जोतिषी हाय काय?"

"मी नाही. ही."

त्यांनी नलूकडे आदरानं पाहिलं आणि स्वतःचा तळवा पुढे केला. नलूनं तो हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं आणि म्हणाली, "इथं दुखतं ना? सकाळी मूठ वळत नाही." म्हातारे थक्क झाले. ते उतरेपर्यंत त्यांनी डब्यातल्या सगळ्यांना या ज्योतिषीण बाईंविषयी सांगितलं, आणि यवतमाळ येईपर्यंत नलूनं नऊ जणांचे हात बघितले. मुंबईत या विद्येला कुणी इतका मान दिलेला नाही.

यवतमाळ

यवतमाळला नलूची मावसबहीण मनूताई असते. यजमान कचेरीत, घर नीटनेटकं, अंगणात पेरू. पाहुणचार असा की पोट हे देवानं एकच का दिलं असं वाटावं. वांग्याचं भरीत निखाऱ्यावर भाजलेलं, त्यात मिरची हिरवी आणि हातचं न राखता घातलेली. पहिल्या घासाला माझे कान तापले. आमच्याकडे पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की यजमान ओशाळतात, इथं मनूताईंनी समाधानानं आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या हातात दशम्यांचा डबा दिला.

"तिकडं कुठं खाल तुम्ही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते लोक छप्पन साली नागपूरले जाऊन बौद्ध झाले म्हणतात. बरं झालं त्यांचं. पण आपलं जेवण आपल्यापाशी असलेलं बरं, नाही का?"

मला अर्थ कळला. तरी मी डबा घेतला. नलूनं ऐकलं होतं. मोटारीत बसल्यावर तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

केळापूरच्या वाटेवर

पांढरकवड्याला मोटार सोडून आम्ही बैलगाडी केली. गाडीवान आत्रामबुवा, वय सत्तरीचं, जातीचे गोंड. बैलांशी गोंडीत बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडीत. केळापूरच्या देवीचं देऊळ मागे पडलं आणि सागाची झाडं सुरू झाली. वाळलेली मोठी पानं चाकाखाली आली की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. नंतर आवाजही येईनासा झाला, कारण मला झोप लागली.

झोपेत मी दशम्या खात होतो. जागा झालो तेव्हा मांडीवर डबा नव्हता. तो केव्हाच घसरून मागे रस्त्यावर पडला होता, झाकण एकीकडे, आणि मागून येणाऱ्या कापसाच्या गाडीचा बैल मनूताईंच्या दशम्या शांतपणे संपवत होता. नलू इतकी हसली की तिला ठसका लागला. डबा तिला पडताना दिसला होता की काय, असा मला अजून संशय आहे.

खरं सांगतो, तो डबा पडला नसता तर मी गिरजाच्या घरी काय केलं असतं हे मला माहीत नाही. वाचणाऱ्यांनी मला उदार समजू नये.

"जेवाची चिंता करू नोका," आत्रामबुवा न वळता म्हणाले. "गिरजाच्या घरी चाल्ले ना? तिच्या हातची भाकर खाऊनच या मंग."

नलू एकदम ताठ बसली. "ती करते स्वयंपाक? उजव्या हातानं?"

"मी काय हात पायला जातो? मी भाकर पायतो."

गिरजाच्या घरी

गाव लहान. गिरजाचं घर शेवटच्या आळीला, शेणानं सारवलेलं, दाराशी तुरीच्या काड्यांचा भारा. दिवस कलायला आला होता. गिरजा अंगणात सूप पाखडत होती. तिशीची असेल, अंगानं किरकोळ. आम्हाला पाहून ती उठली, सूप हातातच राहिलं, आणि मग एकदम ओरडली, "अवो बाई! तुम्ही कशा आल्या?"

सूप टाकून तिनं नलूला दोन्ही हातांनी धरलं. उजवा हात तिनं पदराखाली घेतला नव्हता, हे मी पाहिलं. मुंबईत पहिला महिनाभर तो चारचौघांत पदराबाहेर आला नव्हता.

तिचा नवरा किसन शेतातून आला. त्यानं आम्हाला घोंगडी टाकून बसवलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला कपाशीच्या पिवळ्या फुलांची माळ. आणि तसबिरीच्या शेजारी खुंटीवर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं होतं.

गिरजा किसनच्या कानाशी काही बोलली. तो भांडं घेऊन बाहेर गेला आणि दोन घरं फिरून कणीक घेऊन आला. मग गिरजानं खुंटीवरचं फडकं सोडलं. आत नलूचा पट्टा होता. तिनं तो हाताला बांधला, कडीत लाटणं अडकवलं आणि चुलीपुढे बसून पोळ्या लाटू लागली.

नलूचा चेहरा मी लग्नात पाहिला होता, तसा झाला. "पाहिलंत?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "पाहिलंत ना?"

मी पाहत होतो. चूक शोधणं हा माझा वीस वर्षांचा धंदा, तो मला नको तिथंही सोडत नाही. पट्ट्याचं चामडं कोरं होतं. त्याला ना तेलाचा डाग, ना घामाचा. बंदाची भोकं दुकानातून आल्यासारखी. पोळ्या जाड आणि वेड्यावाकड्या येत होत्या आणि गिरजाच्या कपाळावर घाम होता. तीन वर्षं रोज केलेलं काम असं दिसत नाही. पट्टा माळ्यावर नव्हता एवढंच. तो देवाजवळ होता.

आम्ही जेवलो. पोळी, तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी, मिरचीचा ठेचा. नलू तीन पोळ्या जेवली. घरी ती दीड खाते. झोपताना ती अंधारात म्हणाली, "मी तो कागद उद्या फाडणार आहे." मी हं म्हटलं. मी नुसतं एक वाक्य बोललो असतो तर ती घरी बसली असती आणि मला ऊन आमटी मिळाली असती. आणि गप्प राहिलो तर ती आयुष्यभर एका चुकीच्या फोटोकडे बघून काम करत राहिली असती. मला दोन्ही नको होतं, आणि असं झालं की मला जी झोप नेहमी येते ती आली नाही.

पहाटे केव्हातरी लागली असावी. कारण मला आठवतं ते असं की मी धुक्यातून चाललो आहे आणि दूर कुणीतरी पाठ थोपटतं आहे. थप थप, थप थप, अगदी तालात. डोळे उघडले तरी आवाज चालूच. बाहेर फटफटलं होतं, अंगणात खरंच धुकं होतं आणि चुलीचा उजेड दारातून बाहेर आला होता.

मी दारात जाऊन उभा राहिलो. गिरजा पाठमोरी बसली होती. पुढ्यात लाकडी काठवट, तिच्यात ज्वारीच्या पिठाचा गोळा, आणि त्यावर तिचा उजवा हात पडत होता. उघडा, पट्ट्याशिवाय. बोटं नसलेला तो तळवा पिठावर पडायचा, मनगट किंचित वळायचं आणि भाकर आपोआप गोल फिरायची. कड कुठं जाड नाही, कुठं फाटलेली नाही. मग डावा हात खाली, उजवा वर, आणि भाकर तव्यावर. तिला मागे कुणी आहे याचा पत्ता नव्हता.

मी आत जाऊन नलूला उठवलं. ते मी का केलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. इतकं सुंदर काम, आणि त्या हातावर जिनं तीन महिने मेहनत घेतली तिलाच ते दिसू नये, हे मला बघवलं नाही, एवढंच.

नलू दारात उभी राहिली. दोन भाकरी होईपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "गिरजा, पट्टा?"

गिरजा दचकली. तिनं मागे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाई, तुमाले राग नाई येईन तं सांगतो," ती म्हणाली. इकडे बायकाही स्वतःविषयी सांगतो, येतो असंच बोलतात. "आमी रोज जवारीची भाकर खातो. गहू सनालेच. पोयी लाटाची येळ वर्षातून दोनदा. पट्टा चांगलाच हाय, पन भाकरीले लाटनं लागते काय?"

"मग तिथं का नाही सांगितलंस? तीन महिने माझ्यासमोर होतीस, पोळ्या लाटल्यास!"

"तुम्ही इचारलंच नाई. तिथं सारेच पोयी खाय. मले वाटे, बोट नसलेल्या बाईनं मुंबईत असंच शिकाव लागते." ती थांबली. "पत्रात काय लिवाव? वापरतो म्हनून खोटं लिवाव? अन् खरं लिवलं तं तुमचं मन मोडन. कायले मोडाव?"

नलू खाली चुलीजवळ बसली. पदर तोंडाला लावला. दर नव्या पेशंटला तुम्ही घरी काय काम करता, असं विचारायचं, हे तिनं शिकाऊ मुलींना शंभरदा सांगितलेलं मी ऐकलं आहे. आणि या एका बाईला तिनं ते विचारलं नव्हतं. पोळी म्हणजेच जेवण, हे आमच्या घरात इतकं गृहीत होतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. मी तर त्या पोळ्या खाऊन शाबासकी दिली होती.

"म्हणजे मी तुला काहीच दिलं नाही," नलू म्हणाली.

"काहून?" गिरजा खरोखरच चकित झाली. "अन् थे वाळू?"

"कुठली वाळू?"

"रोज सकाळी परातीत वाळू भरून मले हात आपटाले लावत होत्या ना तुम्ही? पहिले मऊ फडक्यावर, मंग दाण्यावर, मंग वाळूवर. नुसता वारा लागला तरी मी रडो. तुम्ही म्हना, थाप गिरजा, अजून थाप, कातडी राठ होईन. लई राग ये मले तुमचा." तिनं तळवा पुढे केला. तो जाड, घट्ट आणि पिठानं पांढरा झाला होता. "घरी आली, चार दिवस सासूनं भाकर केली. पाचव्या दिवशी मी परात पायली अन् म्हटलं, वाळूवर मारतो तं पिठावर काहून नाई? तुमची वाळू कामी आली, बाई. लाटनं नाई आलं."

नलू तो हात धरून रडली. इस्पितळात ती रडत नाही. गिरजा दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकर उलटत होती, कारण भाकर कुणाच्या रडण्यासाठी थांबत नाही.

मग नलू म्हणाली, "मला शिकव." तिनं माझ्या देखत आयुष्यात पहिल्यांदा ज्वारीची भाकर थापायला घेतली. पाचही बोटं शाबूत असलेल्या त्या हातानं पहिली भाकर तीन ठिकाणी फाटली, दुसरी काठवटीलाच चिकटली. "बोटं वर घ्या, बाई," गिरजा सांगत होती. "बोटाईचं काही काम नाई इथं. तयवा टाका. थापा. अजून थापा." किसन दारात उभा राहून हसू दाबत होता. त्या फाटक्या भाकरी मी खाल्ल्या. गिरजाच्याही खाल्ल्या, चार, ठेच्याबरोबर, कान तापेपर्यंत.

निघताना गिरजानं पट्टा फडक्यात गुंडाळून नलूच्या हातात दिला. "हा पोयी खानाऱ्या बाईले द्या," ती म्हणाली.

परत

पांढरकवड्याच्या बाजारात नलूनं एक काठवट विकत घेतली, चांगली मोठी. तेव्हा परतीच्या प्रवासात माझ्याकडे वळकटी, तांब्या आणि काठवट असा सरंजाम होता. आत्रामबुवांनी भाकर कशी होती म्हणून विचारलं. मी बोटांनी चार हा आकडा दाखवला. ते समाधानानं बैलांशी गोंडीत काहीतरी बोलले.

छोट्या गाडीत पुन्हा तेच कोवळं ऊन, तीच कपाशी, तारांवर तोच कापूस. मी अर्धवट झोपेत होतो. भुकेनं जाग आली. नलूनं पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. गिरजानं वाटेसाठी दिलेल्या भाकरी होत्या. वरच्या भाकरीवर तळव्याचा आणि अंगठ्याचा ठसा उमटला होता, पुढे बोटांच्या जागी पीठ सपाट होतं. मी कागद पुरता उलगडला. अक्षर ओळखीचं होतं. मध्ये माझ्या लाल शाईचे दोन स्वल्पविराम होते, आणि त्यांच्या बाजूला ठेच्याचे तेलकट डाग सहीपर्यंत पसरले होते.

"अगं, हा तर..." मी म्हटलं.

"गुंडाळायला कागद हवा होता, अहो," नलू खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. तिचा उजवा हात मांडीवरच्या काठवटीवर हळूहळू पडत होता, बोटं वर घेऊन, नुसता तळवा.

आता घरी आमटी गारच मिळणार, हे मला कळलं. मी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला आणि तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला.